सोलापुरातून यूकेचा स्पाउस व्हिसा: कुठला कागद आधी, कुठला शेवटी

लग्नानंतर सतरा दिवसांनी नवरा परत यूकेला गेला आणि मी अशोक चौकातल्या घरी एक प्लास्टिकची फाइल घेऊन बसले. फाइल रिकामी. त्यात काय घालायचं तेच माहीत नव्हतं आणि भेटेल तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणायचं आधी दिल्लीचा शिक्का आण, कुणी म्हणायचं वडिलांची एफडी दाखव, एका काकांनी तर शेताचा सात-बारा काढून ठेव म्हणून सांगितलं आणि आम्ही तोही काढला. सगळं उमगून अर्ज भरेपर्यंत सात महिने गेले, त्यातले निम्मे तरी वाचले असते. तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच एक सांगते. कागद मिळत नाहीत म्हणून फार कमी लोकांचं अडतं, बहुतेकांचं अडतं ते कागद शिळे होतात म्हणून. आपली कडक भाकरी डब्यात महिनाभर राहते, पण बँक स्टेटमेंट २८ दिवसांत शिळं होतं, टीबीचं सर्टिफिकेट ६ महिन्यांत, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल २ वर्षांत. लग्नाचा दाखला मात्र कायमचा. म्हणून जे टिकतं ते आधी करायचं आणि जे लवकर शिळं होतं ते अगदी शेवटी. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावलाय (फक्त पगाराचे कागद पाचव्या मुद्द्यात समजून घ्या, मागवा शेवटी), मधनंच उचलून काही करू नका.

१. आधी बघा, तुमचा व्हिसा नक्की कुठला

स्पाउस व्हिसा म्हणजे नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिकडं कायम राहायची परवानगी मिळालेली असेल, तर. जोडीदार स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करत असेल तर तुमचा अर्ज डिपेंडंटचा, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा, आणि त्याचे नियम सगळे वेगळे. तिथं जोडीदाराच्या वर्षाच्या कमाईची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, साधारणपणे २८ दिवस खात्यात राहिलेले २८५ पौंड दाखवायचे किंवा कंपनीनं तशी हमी द्यायची. आणि ११ मार्च २०२४ नंतर केअर वर्कर म्हणून त्या रूटवर गेलेल्यांना जोडीदार नेताच येत नाही, हे लग्न ठरवताना विचारून घ्या, नंतर कळून उपयोग नाही.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं इंग्रजीच्या परीक्षेची फी भरली, दोन महिने क्लास केला, मग कळलं तिचा नवरा स्किल्ड वर्कर आहे, परीक्षेची गरजच नव्हती. त्यामुळे पहिला फोन जोडीदाराला करा, त्याचं स्टेटस काय ते त्याच्या तोंडून नाही तर त्याच्या ई-व्हिसावरून (ऑनलाइन खात्यात दिसणारा व्हिसा) वाचून घ्या.

अजून एक. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून घेता येतं" असं सांगणारे इथं भरपूर आहेत. नाही येत. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथं बसून स्पाउस व्हिसावर जाता येत नाही, परत यावंच लागतं. इथूनच नीट अर्ज करा.

२. नाव. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

आपल्या सोलापुरात हा प्रश्न जरा जास्तच आहे कारण एका घरात दोन-तीन भाषा. आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी. माझ्या नावातला 'श्री' आमच्या घरच्या पद्धतीनं इंग्रजीत लिहिताना एस-आर-आय, आणि शाळेत बाईंनी लिहिला एस-एच-आर-आय. म्हणजे दहावीच्या सर्टिफिकेटवर एच आहे, आधारवर नाही, पॅनवर आहे, बँकेत नाही. मला तोपर्यंत हे कधी जाणवलंच नव्हतं.

करायचं काय, तर पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे ते प्रमाण मानायचं आणि बाकी सगळं त्याच्याकडं आणायचं. आधार आणि बँक बदलणं सोपं आहे, ते आधी करा. जे बदलणं अवघड (जुन्या मार्कशीटा वगैरे) त्यासाठी नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा.

तुमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत असेल, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहितात ती, तर तो सोहळा आनंदानं करा पण ते नाव पत्रिकेवर किंवा नोंदणीच्या फॉर्मवर येऊ देऊ नका. एकदा ते सरकारी कागदावर चढलं की तुम्ही दोन बायका झालात.

आणि आडनाव? लग्नानंतर आडनाव बदलायलाच पाहिजे असं व्हिसाला अजिबात लागत नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि सोबत लग्नाचा दाखला, एवढं पुरतं. माझा सल्ला, व्हिसा हातात येईपर्यंत बदलूच नका. सासरकडून आग्रह असेल तर त्यांना समजावून सांगा की एक नाव बदललं की आधार, पॅन, बँक सगळ्याची साखळी हलते आणि अर्ज तेवढा लांबतो, बहुतेक लोक ऐकतात. ज्यांना बदलायचंच आहे त्यांनी सगळ्यात आधी पासपोर्ट बदलून घ्यावा आणि मग पुढची पायरी. पासपोर्टचं काम सोलापुरात पोस्टातल्या सेवा केंद्रात होतं, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये.

३. लग्नाची नोंदणी, जोडीदार इथं असतानाच

हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नवरा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो, त्यात हळद, लग्न, सत्यनारायण, तुळजापूर, अक्कलकोट, जेवणावळी, आणि नोंदणीचं म्हणाल तर "बघू की नंतर". नंतर म्हणजे त्याला पुन्हा विमानाचं तिकीट काढून यावं लागतं, कारण सही करायला दोघं समोर लागतात. लग्नाच्या आधीच फॉर्म आणून भरून ठेवा, लग्न झालं की पहिल्या चालू दिवशी जाऊन द्या.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी होते. शहरात महापालिकेत, गावात ग्रामसेवकाकडं. नमुना ड चा फॉर्म, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या भटजींची माहिती आणि सही, आणि तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसकट. भटजींची सही मांडवातच घेऊन टाका, नंतर ते दुसऱ्या लग्नात असतात. ९० दिवसांच्या आत नोंदवलं तर बरं, नंतर पण होतं पण जादा फी आणि उशीर का झाला ते सांगत बसायचं.

दाखला छापायच्या आधी स्क्रीनवर दाखवा म्हणून विनंती करा आणि अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून बघा. आमचा फॉर्म बाहेरच्या एका टायपिंगवाल्याकडून भरून घेतला होता, त्यानं नवऱ्याच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा टाकला, आम्ही गडबडीत सही केली. दुरुस्तीला पाच आठवडे गेले. फॉर्म स्वतः भरा.

आता त्या दिल्लीच्या शिक्क्याबद्दल. त्याला अपोस्टिल म्हणतात, परराष्ट्र मंत्रालयाचा असतो, काही देशांना खरोखर लागतो. पण यूकेच्या स्पाउस व्हिसासाठी लग्नाच्या दाखल्यावर तो लागत नाही. साधा मूळ दाखला स्कॅन करून चालतो. यासाठी एजंट हजारो रुपये घेतात आणि महिना घालवतात, त्या फंदात पडू नका.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

४. इंग्रजीची परीक्षा

पहिल्या व्हिसाला लागते ती ए१ पातळी, म्हणजे सगळ्यात खालची, आणि फक्त बोलणं आणि ऐकणं. लिहायचं काही नाही. माझी मावशी घाबरवत होती की मराठी मीडियमच्या मुलींना जमत नाही, तसं काहीही नाही, तुमचं घर, काम, बाजार, आवड यावर साधं बोलायचं असतं.

सापळा असा की परीक्षा यूके सरकारनं मान्य केलेल्या यादीतलीच पाहिजे. आयईएलटीएसमध्येच बघा, त्यांची लाइफ स्किल्स ए१ नावाची वेगळी परीक्षा आहे, ती चालते. कॉलेजसाठी देतात ती नेहमीची आयईएलटीएस कितीही चांगले बँड आले तरी यासाठी धरत नाहीत. क्लासवाल्यानं "सेमच आहे" म्हटलं तरी बुकिंग करताना नाव स्वतः वाचा. सोलापुरात सेंटर नाही, मी मुंबईला जाऊन दिली, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईत. पासपोर्ट मूळ पाहिजे, झेरॉक्स चालत नाही.

इंग्रजीतून पदवी झाली असेल तर परीक्षेऐवजी तीही चालते, पण त्याला एक्टिस या संस्थेकडून पदवीची पातळी आणि माध्यम दोन्ही तपासून घ्यावं लागतं आणि विद्यापीठाचं इंग्रजी माध्यमाचं पत्र लागतं. इथं आपल्याकडची एक भानगड आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ ला झालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, आणि पुढं सोलापूर विद्यापीठाचं नाव बदलून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. त्यामुळे सर्टिफिकेटवर एक नाव आणि आजच्या पत्रावर दुसरं असं होऊ शकतं. पत्र मागतानाच "पूर्वीचं नाव अमुक" असा उल्लेख घालून घ्या. खरं सांगू का, वेळ कमी असेल तर ए१ परीक्षा देऊन मोकळं व्हा.

५. पगाराचे कागद

इथं तुमच्या हातात फार नाही, काम जोडीदाराचं आहे, पण नियम तुम्हाला पाठ पाहिजेत कारण तिकडं शिफ्ट करून दमलेला माणूस अर्धवट कागद पाठवतो आणि आपण विश्वासानं अपलोड करतो.

११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराचं कर कापायच्या आधीचं वर्षाचं उत्पन्न किमान २९,००० पौंड पाहिजे. तुम्ही इथं सोलापुरात नोकरी करत असाल तरी तुमचा पगार यात धरत नाहीत. वडिलांची एफडी, सासऱ्यांचा बंगला, उसाचं बिल, सात-बारा, यातलं काहीही या अटीला उपयोगाचं नाही. आम्ही काढलेला तो सात-बारा अजून कपाटात आहे.

एकाच कंपनीत ६ महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर लागतं ते असं: मागच्या ६ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि कंपनीचं पत्र. पत्रात पद, पगार, किती दिवसांपासून कामाला, हा पगार किती दिवसांपासून, नोकरी कायम की ठरावीक मुदतीची, हे सगळं आलं पाहिजे. "आमच्याकडे काम करतो" एवढ्या एका ओळीचं पत्र आलं तर परत पाठवा. स्लिपेवरची हातात पडलेली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम पेनी-पेनी जुळली पाहिजे, मी तर पेन घेऊन सहा महिन्यांच्या टिका मारल्या. पगार रोख मिळत असेल तर मोठी अडचण, आजपासून बँकेत घ्यायला सांगा. नोकरी बदलून ६ महिने झाले नसतील तर मागच्या १२ महिन्यांचे कागद लागतात.

या सगळ्याचा शेवटचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधी २८ दिवसांच्या आतला पाहिजे, आणि अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. म्हणून स्लिपा आणि स्टेटमेंट बाकी सगळं तयार झाल्यावरच मागवा. मी पहिल्याच महिन्यात मागवून ठेवले होते, सगळे वाया.

आमचा खरा वेळ गेला तो वेगळ्याच कारणानं. नवऱ्यानं लग्नासाठी बिनपगारी रजा काढली होती, त्या महिन्याची स्लिप अर्धीच. तो महिना सहा महिन्यांत आला असता तर स्पष्टीकरण देत बसावं लागलं असतं, म्हणून आम्ही तो महिना मागं पडेपर्यंत थांबलो. लग्नाची तारीख काढताना जोडीदाराला सांगा, शक्य असेल तर पगारी रजा साठवून घे.

पगार बसत नसेल आणि बचत असेल तर फक्त बचतीवर पण अर्ज होतो, पण त्याला ८८,५०० पौंड ६ महिने खात्यात राहिलेले लागतात.

६. नातं खरं आहे याचे पुरावे

आपल्याकडं ठरवून लग्न होतात, एका भेटीत पसंती, पुढं फोनवर. तिकडच्या ऑफिसरला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. दोघं प्रत्यक्ष भेटलेले असणं ही अट आहे. मी एका पानावर तारखांसह लिहिलं: स्थळ कुणी आणलं, बघायचा कार्यक्रम कधी, साखरपुडा कधी, तो किती वेळा आला, लग्न कुठं. नवऱ्यानं त्याच्या बाजूनं वेगळं पत्र लिहिलं. दोघांच्या तारखा जुळतात का ते नक्की बघा, आमच्यात साखरपुड्याच्या तारखेत एका दिवसाचा फरक होता.

फोटो पंधरा-वीस बास. चारशे फोटोंचा अल्बम कुणी बघत नाही. बघायच्या कार्यक्रमाचा एखादा, साखरपुडा, लग्न, दोन्हीकडचे आई-वडील एकत्र, लग्नानंतर सिद्धेश्वर मंदिरात गेलो तो, आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे. सोबत त्याच्या विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, आणि पैसे पाठवले असतील तर त्याच्या पावत्या.

चॅटचा प्रश्न सगळ्यांना पडतो. सगळं एक्स्पोर्ट करून हजार पानं टाकू नका. दर महिन्याची एक-दोन पानं आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट. आमचं चॅट तर निम्मं तेलुगू निम्मं मराठी, इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, आणि ते इंग्रजी नव्हे! जी पानं दिली ती भाषांतर करून दिली. अगदी खासगी असेल ते देऊ नका, त्याची गरज नसते. जेवलीस का, ड्युटी संपली का, आईचं बीपी कसं आहे, असलीच पानं मी निवडली, आणि संसार त्यातच दिसतो.

७. राहायची जागा

भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि तुम्ही येऊन राहायला हरकत नाही असं मालकाचं पत्र. सासू-सासऱ्यांच्या घरात राहणार असाल तर त्यांचं पत्र आणि घर त्यांच्या नावावर असल्याचा कागद. घरात किती खोल्या, किती माणसं हे लिहा, गर्दी नाही एवढं दिसलं पाहिजे.

८. भाषांतर

इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं त्यावर हे अचूक आहे असं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायचा. घरातल्या कुणी करून चालत नाही असं समजा. भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच घालायला आधी लिहून द्या, नाहीतर तो त्याच्या मनानं लिहितो आणि तुमचा एच पुन्हा गायब.

९. टीबीची तपासणी

छातीचा एक्स-रे असतो, यूके सरकारच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच. सोलापुरात कितीही चांगल्या दवाखान्यात काढलेला एक्स-रे चालत नाही. गरोदर असाल किंवा शंका असेल तर एक्स-रेच्या आधी तिथं सांगा. सर्टिफिकेट ६ महिने चालतं, त्यामुळे पगाराचे कागद मागवायच्या जरा आधी करा.

१०. फॉर्म, फी आणि पुण्याची फेरी

अर्ज ऑनलाइन. एप्रिल २०२५ मध्ये फी १,९३८ पौंड झाली होती, ही बहुतेक एप्रिलमध्ये वाढते म्हणून भरताना सरकारी साइटवर बघा. वर आरोग्याचा सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी आधीच भरायचे पैसे, वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा ३३ महिन्यांचा असतो आणि सरचार्ज ३ वर्षांचा धरतात, म्हणजे ३,१०५. दोन्ही मिळून ५ हजार पौंडांच्या वर, एका बैठकीत. आपल्या इथल्या कार्डांना परदेशी व्यवहाराची मर्यादा असते, दोनदा पेमेंट अडकलं, शेवटी नवऱ्याच्या तिकडच्या कार्डानं भरलं.

फॉर्ममध्ये आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला असेल तर खरं लिहा. लपवलं आणि सापडलं तर १० वर्षांची बंदी बसू शकते. नकारापेक्षा लपवाछपवी जास्त महागात पडते.

कागद कलरमध्ये सपाट स्कॅन करून घ्या, मोबाइलचा सावली पडलेला फोटो नको. प्रत्येक पीडीएफला नाव द्या: ओळख (दोघांचे पासपोर्ट, त्याचं स्टेटस), लग्न, इंग्रजी, टीबी, पगार, नातं, घर. सात फाइली, बास. हे सगळं अपॉइंटमेंटच्या आधी अपलोड करायचं, तिथं जाऊन नाही.

अपॉइंटमेंट व्हीएफएसच्या (व्हिसासाठी ठसे आणि फोटो घेणारी कंपनी) पुण्याच्या सेंटरची घेतली तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन त्याच दिवशी परत येता येतं, फक्त वेळ दुपारची घ्या, गाडी लेट झाली तर जीव टांगणीला नको. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. हाताला मेंदी गडद असेल तर ती उतरल्यावर जा. माझ्यासमोर एका मुलीचे ठसे चार वेळा घेतले.

११. निकाल आल्यावर

साधारण १२ आठवडे धरा. त्या काळात रोज ईमेल बघा, स्पॅम फोल्डरसुद्धा, कारण एखादा कागद मागितला तर मुदत थोडी असते. निकाल येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, गड्ड्याच्या जत्रेनंतरचं स्वस्त मिळतंय म्हणून पण नाही.

मंजूर झाल्यावर ई-व्हिसा ऑनलाइन खात्यात दिसतो. पहिल्यांदा उघडाल तेव्हा नाव, जन्मतारीख आणि मुदत वाचा, चूक असेल तर निघायच्या आधी कळवा. आणि तिकडं पोचल्यावर पहिल्या महिन्यापासून एक जाड पाकीट करा. पुढच्या मुदतवाढीला दोघं एकाच पत्त्यावर राहत होतो हे दाखवावं लागतं, त्यासाठी बँक, कौन्सिल टॅक्स (तिकडची घरपट्टी), दवाखाना, लाइट बिल अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून दोघांच्या नावानं आलेली पत्रं लागतात. पत्र आलं की तारीख बघायची आणि पाकिटात टाकायचं.